शोकाची प्रतवारी

साहित्यशास्त्राच्या वर्गात आम्ही दरवर्षी एक कथा सांगतो. तमसेच्या तीरी निषादाने क्रौंचयुग्मातील नराला बाण मारला, मादीने आक्रोश केला, आणि ते पाहून व्याकुळ झालेल्या वाल्मीकींच्या मुखातून जे उमटले तो आदिश्लोक ठरला. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हाच प्रसंग काव्याच्या आत्म्याचा दाखला म्हणून दिला. शोकाचा श्लोक झाला, हे सूत्र आपण सगळेच एकेकाळी परीक्षेत लिहून आलो आणि आता विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो. म्हणजे ज्या परंपरेचे आपण अध्यापक म्हणवतो, तिचा आरंभ एका पक्ष्याच्या मरणातून झाला असे आपणच शिकवतो. असे असताना घरातला म्हातारा कुत्रा गेला म्हणून कोणी गांभीर्याने चार परिच्छेद लिहिले, तर त्याच परंपरेचे वारसदार गालातल्या गालात हसतात. याची संगती कशी लावायची?

हा प्रश्न हवेतला नाही. एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आपल्या घरच्या पंधरा वर्षांच्या कुत्रीच्या अखेरच्या आठवड्यावर लेख दिला होता. लेख संयत होता. त्यात उसासे नव्हते; औषधांच्या वेळा होत्या, ओल्या होणाऱ्या गोधड्या होत्या, वडिलांनी तीन दिवस घरात कोणाशी न बोलणे होते. संपादक मंडळाने तो परत केला. शेरा असा होता की, विषयाला वाङ्मयीन गांभीर्य नाही. त्याच अंकात पहिल्या पावसावर तीन कविता होत्या आणि तोडलेल्या वडाच्या झाडावर एक ललित लेख होता. वडाला गांभीर्य आहे, पावसाला तर आहेच आहे, कुत्रीला नाही. ही प्रतवारी कोणत्या शास्त्रात सांगितली आहे, ते आम्हाला अद्याप कोणी दाखवलेले नाही.

प्राण्यांच्या मरणाचे आपल्या वाङ्मयाला वावडे आहे असे म्हणावे, तर तसेही नाही. ना. वा. टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य!’मधील घायाळ पक्षिणीने पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांना रडवले आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त मोरी गाईची एक संपूर्ण रात्र आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ने वानरांच्या टोळीतील जन्ममृत्यूला कादंबरीचा विषय केले आणि त्या पुस्तकाला 1983 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पक्षी चालतो, गाय चालते, बैलाला तर पोळ्याचा मान आहे, वानरही चालते. कुत्रा मात्र मराठी सुशिक्षिताच्या घरात प्रामुख्याने विनोदाच्या दाराने आला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पाळीव प्राणी’ने श्वानप्रेमी यजमानांची जी खिल्ली उडवली, ती निर्विवादपणे अव्वल आहे आणि आम्हीही तिला मनसोक्त हसलो आहोत. तक्रार पु. लं.विषयी नाही. एका विनोदी लेखाने घेतलेला पवित्रा पुढे आपल्या अभिरुचीचा कायदा होऊन बसला आणि त्यापलीकडे पाहण्याची गरज समीक्षेला वाटली नाही, ही तक्रार आहे.

परंपरेत कुत्र्याला स्थान आहे, असे यावर तत्काळ सांगितले जाईल. आहे, पण कोणत्या अटीवर, ते पाहावे. महाभारताचा आदिपर्वातील एक आरंभ कुत्र्यापासून होतो. जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणी आलेल्या सरमेच्या पिलाला त्याचे भाऊ निष्कारण मारतात. सरमा येऊन जाब विचारते आणि उत्तर न मिळाल्यावर शाप देते. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत कोसळल्यावर युधिष्ठिरासोबत उरतो तो हस्तिनापुरापासून मागे आलेला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्याला सोडून ये म्हणतो, आणि युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. तिथे तो ज्या शब्दाचा आधार घेतो तो ‘आनृशंस्य’ आहे: क्रूर न होणे, सोबत आलेल्याला न टाकणे. यक्षप्रश्नातही त्याने हाच परम धर्म सांगितला होता. इथपर्यंत महाभारत आमच्या बाजूचे आहे. पण पुढच्याच क्षणी तो कुत्रा कुत्रा राहत नाही. तो साक्षात धर्म निघतो, युधिष्ठिराचा पिता निघतो, आणि सारा प्रसंग परीक्षेचा होऊन जातो. जो प्राणी थकल्या पायांनी हिमालयापर्यंत चालत आला, त्याचे काय झाले हा प्रश्नच उरत नाही, कारण तो प्राणी मुळी नव्हताच.

मराठी परंपरेतही तेच घडते. नामदेवांची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावतात, कारण त्यांना त्याच्यात विठ्ठल दिसतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, पण ते चार वेद आहेत असे कीर्तनकार सांगतात. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, आणि त्याचे भक्त ‘वाघ्या’ होऊन कुत्र्यासारखे भुंकतात, ते देवाच्या दास्यासाठी. या कथांचे मोल आम्ही जाणतो. नामदेवांच्या कथेतील करुणा अस्सल आहे. परंतु देव, वेद, धर्म किंवा दास्य यांपैकी कशाचे तरी रूप झाल्यावाचून कुत्र्याला आत प्रवेश नाही, हेही तितकेच खरे. नुसता कुत्रा, आपल्या मर्त्य देहासकट, उंबऱ्याबाहेरच राहतो.

यात दुसरीही एक गोम आहे. कुत्र्याने माणसासाठी केलेल्या शोकाला जगभर मान आहे. टोकियोच्या शिबुया स्थानकावर मृत मालकाची वाट पाहत राहिलेल्या हाचिकोचा पुतळा 1934 साली, तो जिवंत असतानाच, उभारला गेला. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकावरून 2012 साली वाद पेटला, पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. 2025 साली तो हटवण्याची मागणी नव्याने झाली. स्वामीच्या चितेत उडी घेणाऱ्या त्या कुत्र्याच्या आख्यायिकेला ऐतिहासिक आधार आहे की नाही, हा इतिहासकारांचा प्रांत आहे आणि त्यात आम्ही शिरत नाही. आम्हाला दिसते ते एवढेच की, या साऱ्या कथांमध्ये शोकाची दिशा एकच आहे. कुत्रा माणसासाठी झुरतो तेव्हा ती निष्ठा होते. माणूस कुत्र्यासाठी झुरतो तेव्हा तो हळवेपणा होतो. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात वीस वर्षांनी परतलेला ओडिसियस उकिरड्यावर पडलेल्या म्हाताऱ्या आर्गोसला पाहतो. कुत्रा त्याला ओळखतो, शेपटी हलवतो आणि मरतो. ट्रॉयचा विजेता डोळ्यांतला अश्रू सोबत्यापासून लपवून पुसतो. वेषांतर उघड होऊ नये म्हणून तो लपवावा लागतो, हे कथानकाचे कारण झाले. आपण कोणत्या कारणाने लपवतो?

आपण लपवतो, याला आम्ही साक्षी आहोत. आमच्या घरी चौदा वर्षे राहिलेला खंडू गेला, त्या दिवशी आम्हा दोघांनाही रजा घ्यावी लागली. अर्जावर ‘घरगुती कारण’ असे लिहिले, कारण रजेच्या नियमांत या कारणासाठी रकानाच नाही. पुढल्या आठवड्यात शिक्षकदालनात एका सहकाऱ्याने दुसरा आणा, असा सल्ला दिला. दुसऱ्याने, त्यात एवढे काय, असे विचारले. ही माणसे दुष्ट नाहीत. कोणाचे वडील गेले तर काय बोलावे, किती दिवस बोलू नये, डबा कोणी न्यावा, हे त्यांना परंपरेने शिकवलेले आहे. इथे परंपरेने काहीच शिकवलेले नाही. सुतक नाही, दहावा नाही, भेटायला येणे नाही. श्राद्धात गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्यासाठीही घास काढून ठेवतात. आपल्या पितरांच्या वाटेवर त्याचा वाटा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तर यमाच्या मार्गाचे रक्षण करणारे दोन सारमेय आहेत. आपल्या मृतांची वाट राखणाऱ्याच्या मरणाला मात्र एकही विधी नाही. केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 साली अशा शोकाला एक नाव दिले: ज्याला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही, जो उघडपणे करता येत नाही आणि म्हणून ज्याला आधारही मिळत नाही, असा शोक. ही संकल्पना मानसशास्त्राच्या वर्गापुरती ठेवण्याचे कारण नाही. शोकाला मान्यता देणे हे वाङ्मयाचे सर्वांत जुने काम आहे.

आता या निरोपात नेमके काय असते, ते सांगणे भाग आहे, कारण ‘क्षुल्लक’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नसते. म्हातारा कुत्रा एका दिवसात जात नाही. आधी डोळ्यांवर सारा येतो. मग मागचे पाय गुळगुळीत फरशीवर घसरू लागतात आणि घरभर सतरंज्या अंथराव्या लागतात. ऐकू येणे कमी होते. काही कुत्र्यांच्या मेंदूवरच वार्धक्य येते: दिवसा झोप, रात्री येरझारा, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहणे, रोजच्या खोलीतून बाहेर पडण्याची वाट न सापडणे. मूत्रपिंडे थकली की पाणी फार, अन्न नकोसे. घरातील वृद्धांची शुश्रूषा ज्यांनी केली आहे, त्यांना यातले प्रत्येक पाऊल ओळखीचे वाटेल. फरक एकच: हा रुग्ण आपल्याला काही सांगत नाही, आणि आपण सांगितलेले त्याला कळत नाही. आपण त्याला धीर देऊ शकतो तो केवळ हाताने आणि आवाजाच्या ओळखीने.

मग निर्णयाची वेळ येते. माणसाच्या बाबतीत हा देश इच्छामरणाविषयी पावले जपून टाकतो. अरुणा शानबाग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2011 साली आला. सन्मानाने मरण्याचा हक्क आणि उपचार थांबवण्याविषयीची आगाऊ इच्छा यांना मान्यता 2018 साली मिळाली. आणि तीही कृत्रिम आधार काढून घेण्यापुरती. कुत्र्याच्या बाबतीत पशुवैद्य आपल्याला एका कागदावर सही करायला सांगतात. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा. श्वास थांबतो, हृदय थांबते, काही मिनिटांत सारे संपते. ज्याने आयुष्यभर आपल्यावर विसंबून राहण्याखेरीज काही केले नाही, त्याच्या मरणाचा दिवस आणि वार आपण ठरवतो. त्याची संमती घेता येत नाही. उशीर केला तर ती आपल्या सोयीसाठी त्याच्यावर लादलेली वेदना. घाई केली तर आपल्याच सोयीसाठी हिरावलेला काळ. दया आणि सोय यांची सीमारेषा इतक्या निर्दयपणे तपासायला लावणारे प्रसंग मध्यमवर्गीय जगण्यात फार थोडे येतात. यात नैतिक पेच नाही, भाषेचा पेच नाही, म्हणून हा विषय वाङ्मयाबाहेरचा, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी पेच म्हणजे काय ते एकदा सांगावे.

जे. एम. कुटसी यांना तो दिसला होता. 1999 सालच्या ‘डिसग्रेस’मध्ये पदावरून गेलेला एक प्राध्यापक प्राण्यांच्या दवाखान्यात नको असलेल्या कुत्र्यांना शेवटचे इंजेक्शन देताना मदत करतो. त्यांचे देह तो स्वतः भट्टीपर्यंत नेतो, कारण तिथले कामगार ताठर पाय फावड्याने ठोकतात हे त्याला पाहवत नाही. मेलेल्या कुत्र्याला त्याने काही फरक पडत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरीही तो नेतो. ही कादंबरी आपल्या विद्यापीठांतून चर्चिली जाते; वंश, वसाहतवाद, लिंगभाव या अंगांनी तिच्यावर प्रबंध होतात. कुत्री बहुधा ‘प्रतीक’ म्हणून तळटिपेत जातात. धर्माचे, विठ्ठलाचे आणि वेदांचे जे झाले तेच इथेही: कुत्रा कशाचे तरी प्रतीक झाला की समीक्षकाचा जीव भांड्यात पडतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. तो असा की, ज्या देशात माणसाला कुत्र्याहून हीन वागवले गेले, तिथे कुत्र्याच्या मरणावर अश्रू ढाळणे हा सवर्ण, सुखवस्तू चोचला आहे. हा आक्षेप पहिल्या आक्षेपासारखा उडवून लावण्याजोगा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचे धन म्हणून कुत्री आणि गाढवेच नेमून दिली आहेत. ‘श्वपच’ हा शब्द माणसांच्या एका समूहासाठी वापरला गेला. 1927 साली महाडला जो लढा झाला, तो जनावरांना मोकळे असलेले पाणी माणसांना बंद होते म्हणून झाला. डॉ. आंबेडकरांनी 1931 साली गांधीजींच्या भेटीतही कुत्र्यामांजरांहून वाईट वागणुकीचा दाखला दिला होता. हे सारे आम्हाला मान्य आहे, आणि जो गृहस्थ आपल्या कुत्र्याला चांदीच्या वाटीत दूध देतो आणि मोलकरणीला वेगळ्या कपात चहा देतो, त्याच्या शोकाची आम्हाला कणव नाही.

पण आक्षेपाचा रोख नीट पाहावा. महाडचा आरोप जनावरांनी पाणी प्यायले, हा नव्हता. माणसांना ते नाकारले गेले, हा होता. अपराध नाकारण्यात आहे, देण्यात नाही. कुत्र्यावरची माया ही सुखवस्तूंचीच मक्तेदारी आहे, हे गृहीतकही खोटे आहे. धनगराच्या वाड्यावर मेंढरांबरोबर कुत्री जगतात आणि म्हातारी होतात. शहरात फुटपाथवर झोपणाऱ्याच्या पायाशी, रात्रपाळीच्या रखवालदाराच्या खुर्चीखाली जे कुत्रे असते, त्याला कोणतीही वंशावळ नसते. प्रेमचंदांच्या 1930 सालच्या ‘पूस की रात’मध्ये कर्जात बुडालेला हल्कू शेतावर थंडीने काकडत असताना जबरा नावाच्या कुत्र्याला कवेत घेऊन झोपतो. त्याच्या अंगाची दुर्गंधी सोसून त्याची ऊब घेतो. तिथे दारिद्र्य आणि श्वानप्रेम एकमेकांचे वैरी नाहीत. एकाच गोधडीच्या अभावातून दोन्ही दिसतात. कुत्र्याच्या शोकाला ‘वर्गीय’ ठरवून बाजूला सारणारे टीकाकार हल्कूचा शोकही त्याच झाडूने झाडून टाकतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. भटक्या कुत्र्यांचे चावे आणि रेबीजचे मृत्यू यांचा प्रश्न खरा आहे. 2025 साली तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजला. त्याचे उत्तर लसीकरण, निर्बीजीकरण आणि कचऱ्याची व्यवस्था यांत शोधावे लागेल. घरातल्या एका मरणाविषयी मौन पाळल्याने तो सुटणार नाही.

मौनाचा परिणाम मात्र दिसू लागला आहे. आपल्या भाषेने जागा दिली नाही, म्हणून लोकांनी ती बाहेरून आणली. कुत्रा गेल्यावर मराठी घरांतून आज जे संदेश येतात, त्यांत ‘रेनबो ब्रिज’ असतो, ‘फर बेबी’ असते, पंख लावलेले चित्र असते. मृत प्राणी इंद्रधनुष्याच्या पुलापाशी मालकाची वाट पाहतात, ही स्कॉटलंडमधील एका किशोरीने 1959 साली लिहिलेल्या छोट्या गद्यातून पसरलेली कल्पना आहे. मूळ लेखन प्रामाणिक असेल. परंतु आपल्याकडे ती भेटकार्डाच्या शर्करावगुंठित स्वरूपात आली. ‘झोपवले’ हा क्रियापदाचा वापरही तसाच उसना, मरणाचे नाव टाळणारा. याची चेष्टा करणे सोपे आहे, आणि आपले समीक्षक ती करतात. पण दुष्काळात माणसे मिळेल ते खातात, यात दोष दुष्काळाचा असतो. क्रौंचाच्या विलापावर काव्यशास्त्र उभारणाऱ्यांच्या वारसांना म्हाताऱ्या कुत्र्यासाठी दोन शब्द उसने आणावे लागतात, ही नामुष्की त्या शोकाकुलांची नसून आमची, भाषेच्या अध्यापकांची, आहे.

आपल्या भाषेत कुत्र्यासाठी शब्द नाहीत असे नव्हे. ‘कुत्र्याचे जिणे’, ‘हाल कुत्रा खाणार नाही’, ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’. या शेवटच्या वाक्प्रचाराचा अर्थ काय? बेवारशी, धुतकारलेले, कोणी जवळ नसताना आलेले मरण. जो कुत्रा आपल्या सतरंजीवर, ओळखीच्या हातांखाली, नाव ऐकत जातो, त्याच्या मरणाला हा वाक्प्रचार लागू पडत नाही. तिथे भाषा आणि अनुभव यांची फारकत होते. आणि जिथे अशी फारकत होते तिथेच लेखनाला काम असते, हेही आपणच वर्गात शिकवतो. महादेवी वर्मांनी हिंदीत हे काम 1972 सालच्या ‘मेरा परिवार’मध्ये केले. त्यांचा नीलू हा कुत्रा मोर, खार, हरिणी आणि गाय यांच्या बरोबरीने, त्याच गंभीर गद्यात येतो. त्यामुळे महादेवींची प्रतिष्ठा उणावली, असे कोणी म्हटलेले नाही.

आमची मागणी मोठी नाही. कुत्र्यावरील प्रत्येक लेख चांगला मानावा, असे आम्ही म्हणत नाही. त्यातले बहुतेक वाईटच असतात, जसे पावसावरचे असतात. वाईट लेख वाईट आहे म्हणून परत करावा. भावविवशता असेल तर ओळीवर बोट ठेवून दाखवावी. विषय ऐकूनच लेख बाजूला ठेवणे ही समीक्षा नाही. ती उंबऱ्यावर उभ्या असलेल्याला हाकलणे आहे. मुंबई महानगरपालिकेने 2023 साली मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची व्यवस्था सुरू केली. माणसांना आपल्या कुत्र्याचा देह कचऱ्याच्या गाडीत टाकवत नाही, ही गोष्ट एका महापालिकेला कळली. आमच्या अभ्यासमंडळांना आणि वार्षिकांकांच्या संपादक मंडळांना ती कळायला हरकत नसावी. त्या विद्यार्थिनीचा लेख आम्ही जपून ठेवला आहे. यंदा विलापिका शिकवताना तो वर्गात वाचला जाईल, टिळकांच्या कवितेनंतर, आणि त्याच निकषांवर तपासला जाईल.